रमाबाई, पंडिता : पत्रव्यवहार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची व त्यांना आलेली पत्रे. आधुनिक महाराष्ट्रातील स्त्रीवादी विचाराचे हे एक मोलाचे साधन आहे. हंटर आयोगापुढे साक्ष देणाऱ्या (१८८२) आणि काँग्रेसच्या १८८९ च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधी असलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक असलेल्या या विदुषीचे मन इथे उघडे होते.

संग्रहाचा गाभा इंग्लंडमधील वास्तव्याचा (१८८३–८६). सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आज्ञापालन मागतात. रमाबाई ख्रिस्ताच्या देवत्वावर शंका घेतात, आणि एक पुरोहितशाही सोडली ती दुसरीच्या जोखडात जाण्यासाठी नव्हे, असे सुनावतात. चेल्टनहॅम येथे त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्या वडिलांनी वा पतीने असा अडसर कधी घातला नव्हता, याची आठवण त्यांनी प्राचार्या डोरोथिया बील यांना करून दिली. बील यांची उत्तरे समंजस आहेत. पंचविशीतल्या, परक्या देशात आश्रयाला असलेल्या विधवेचे हे धैर्य थक्क करते.

ही पत्रे जेराल्डिन यांनीच जपली, जुळवली व त्यांवर टिपणे लिहिली. म्हणून निवडीमागची त्यांची दृष्टी ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागतात. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. *इंग्लंडचा प्रवास* (१८८३) हेही मुळात सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले मराठी पत्रच.