हिंवताप आणि भिंतीवरील विष

एखादें साधन फार यशस्वी ठरलें म्हणजे तें कोणत्या आधारावर यशस्वी झालें, याचा लोकांस विसर पडतो. हिंवतापाविरुद्ध वापरलेल्या डी. डी. टी. या कीटकनाशकाचें असेंच झालें. हें द्रव्य मनुष्याचें तारक कीं सृष्टीचें मारक, हा वाद गेलीं साठ वर्षें चालू आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतील लोकांची राहणी डोळ्यांपुढें ठेवून त्याचा विचार केला, तर उभय पक्षांच्या नजरेंतून निसटलेला एक मुद्दा हातीं लागतो.

हिंवतापाचा जंतु डासाच्या पोटांत वाढतो, हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस पाहिलें. बीड त्या वेळीं त्याच निजामी राज्याचा जिल्हा होता. शत्रु कळला, पण स्वस्त शस्त्र हातीं येण्यास सुमारें चार तपें लागलीं. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञानें १९३९ मध्यें डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला. महायुद्ध संपल्यावर, १९४६ पासून, डॉ. विश्वनाथन् यांनीं मुंबई इलाख्यांतील कानडा व धारवाड जिल्ह्यांत त्याची घरोघर फवारणी करविली. युक्ति साधी होती. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवरच विष असलें म्हणजे जंतु पक्व होण्यापूर्वींच ती मरते.

१९५३ सालीं ही योजना देशव्यापी झाली. तत्पूर्वीं भारतांत दरसाल ७.५ कोटि लोक हिंवतापानें आजारी पडत व ८ लाख मरत, असा अंदाज होता. १९६१ मध्यें रुग्णांची नोंद ५०,००० च्या आसपास आली. परंतु १९७६ सालीं तीच संख्या ६४ लाखांवर गेली.

मधल्या काळांत, १९६२ मध्यें, रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेचा 'सायलेंट स्प्रिंग' हा ग्रंथ निघाला. पक्ष्यांच्या कणवेपायीं गरीब देशांतील मुलांचा बळी दिला गेला, असा आरोप तिच्यावर पुढें झाला. भारतापुरता तरी तो टिकत नाहीं. १९७६ सालीं येथें डी. डी. टी.वर बंदी नव्हती. शेतींतील त्याचा वापर थांबविण्याचा निर्णयसुद्धां १९८९ चा आहे. ताप परतला तो फवारणी चालू असतांनाच. खेड्यांत रोग पसरविणारा मुख्य डास विषास दाद देईनासा झाला होता. पैसा आणि देखरेखही उणी पडली होती. जें विष घर राखण्यासाठीं होतें, तेंच पिकांवरही सढळ हातानें मारलें गेलें व त्यानें डासांच्या प्रतिकारास हातभार लावला, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. प्रतिकाराचा हा इशारा कार्सन यांनीं त्या ग्रंथांतच दिला होता.

म्हणून विषाचा सरसकट धिक्कार करावा, असें मात्र नव्हे. तापानें फणफणलेल्या मुलाच्या आईस सृष्टीच्या समतोलावर व्याख्यान देणें निर्दयपणाचें होय. २००१ च्या स्टॉकहोम करारानेंही रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती डी. डी. टी.स मुभा ठेवली आहे.

पण या सर्व उपायाचा पाया भिंत आहे, हें कोणी ध्यानांत घेतलें? मातीचें घर सणासुदीस सारवलें कीं फवारलेलें विष सारवणाखालीं गडप होतें. आणि ज्यास भिंतच नाहीं त्याचें काय? बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. घरास कुलूप लागतें. बिऱ्हाड बैलगाडींतून किंवा ट्रकमधून पाटाच्या पाण्याच्या मुलखांत जाऊन पडतें. तेथें बांबू, चटया व ताडपत्री यांची कोपी हेंच त्यांचें घर. गांवाकडील फवारलेली भिंत त्यांचें तेथें काय रक्षण करणार?

औषध लावलेली मच्छरदाणी गाडींतून बरोबर नेतां येते. रक्ततपासणीची सोय फडाजवळ करतां येते. सांचलेलें पाणी वाहतें करतां येतें. विष वापरावें कीं वापरूं नये, या प्रश्नापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा: ज्याच्यासाठीं तें वापरावयाचें, तो मनुष्य रात्रीं निजतो कोठें?