उतरणीचे बळ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बऱ्याच दिवसांनी सिंहगडावर जाऊन आलेल्या माणसाचा अनुभव आठवून पाहा. चढताना धाप लागते, घाम फुटतो, दर वळणावर थांबावेसे वाटते. उतरताना मात्र तो गप्पा मारत झपझप खाली येतो. तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की घरचा जिना उतरताना कठड्याला धरावे लागते. ‘चढण फारच होती,’ असे तो सांगतो. त्याचे निदान चुकलेले असते. हे दुखणे बव्हंशी उतरणीने दिलेले असते.

हे नीट समजायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. आज त्याच शोधाची गोष्ट सांगायची आहे.

पाण्याची भरलेली बादली उचलताना दंडाचा स्नायू आखडतो, आखूड होतो. तीच बादली हळूच खाली ठेवतानाही तो काम करत असतोच. नाहीतर बादली धाडकन आदळली असती. या वेळी मात्र तो ताणला जात असतो आणि ताणला जातानाच भार रोखून धरतो. एकात इंजिनाचे काम, दुसऱ्यात ब्रेकचे. आपण कौतुक करतो ते इंजिनाचे. किती किलो उचलले, हे सगळे विचारतात. किती सावकाश खाली ठेवले, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत थिओडोर हॉ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये स्नायूंच्या दुखण्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. व्यायाम करताना येणारा थकवा वेगळा आणि नंतर उशिरा सुरू होणारे दुखणे वेगळे, असे त्याने मांडले. या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे मूळ स्नायूच्या आतल्या बारीक इजेत असावे, असे त्याचे अनुमान होते. उतरणीचा धागा पुढे सापडायचा होता.

तो सापडला लंडनमध्ये. स्नायूंवरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले ए. व्ही. हिल तेथे काम करत होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत बर्नार्ड काट्झ यांनी १९३९ मध्ये दाखवले, की आखडलेल्या स्नायूला बाहेरून ओढून ताणले, तर एका जागी स्थिर राहून तो जेवढा जोर लावतो त्याहून कितीतरी अधिक जोराने तो प्रतिकार करतो. म्हणजे आपल्याला जे वजन उचलत नाही, ते सावकाश खाली ठेवणे मात्र जमू शकते.

मग १९५२ साल उजाडले. अ‍ॅबट, ब्रेंडा बिगलंड आणि रिची या तिघांनी एक विलक्षण यंत्र जुळवले. दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि त्या एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखे पायडल मारायचे, दुसऱ्याने उलट्या दिशेने येणाऱ्या पायडलना पायांनी विरोध करायचा. साखळी एकच, तेव्हा दोघांचा जोर सारखा. फरक एवढाच, की एकाचे स्नायू आखूड होत होते, तर दुसऱ्याचे ताणले जात होते. दोघांना किती प्राणवायू लागतो हे मोजले, तेव्हा पायडल मारणाऱ्याला संथ गतीत सुमारे अडीचपट आणि गती वाढवल्यावर पाचपट प्राणवायू लागत होता. रॉयल सोसायटीत याचे प्रात्यक्षिक झाले. लहान चणीची एक तरुणी आरामात विरोध करत बसली आणि समोरचा दांडगा तरुण दमून गेला. जमलेल्या विद्वानांची चांगलीच करमणूक झाली असे म्हणतात.

पुढच्याच वर्षी डेन्मार्कचे एरलिंग आस्मुसेन यांनी या कामाला नाव दिले, एक्सेंट्रिक. एरवी या शब्दाचा अर्थ विक्षिप्त. इथे मात्र त्याचा धातूला धरून असलेला अर्थ घ्यायचा, केंद्रापासून दूर जाणारा.

आता एक कोडे उभे राहिले. उतरताना शक्ती कमी खर्च होते, मग दुखते जास्त का? ब्रिटनमध्ये न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लोकांना पायरीवर चढायला-उतरायला लावले. चढण्याचा भार कायम एका पायावर, उतरण्याचा कायम दुसऱ्या. पुढे दुखला तो उतरणारा पाय. व्यायामानंतरचे दुखणे लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे येते, हे अजूनही अनेक जिममध्ये ऐकू येणारे मत येथेच कोलमडते. कारण ज्या पायात कमी इंधन जळाले, तोच ठणकत होता. स्वीडनमध्ये त्याच सुमारास जिना उतरवून घेतलेल्या माणसांच्या पोटरीचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. स्नायूतंतूंची रेखीव वीण जागोजाग विस्कटलेली दिसली. हॉचे अनुमान ऐंशी वर्षांनी डोळ्यांना दिसले.

मात्र ही वीण पुन्हा बसते, आणि पहिल्यापेक्षा पक्की बसते. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला, तर दुखणे कितीतरी कमी होते. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका मारायला सांगणारा वस्ताद हेच अनुभवाने जाणत असतो.

इजा करणारी गोष्टच औषध कशी झाली, याची हकीकत स्वीडनमधलीच. हाकन आल्फ्रेडसन या अस्थिशल्यचिकित्सकाला धावून धावून टाचेमागच्या शिरेचे जुनाट दुखणे जडले होते. शस्त्रक्रियेसाठी सुट्टी मिळेना. तेव्हा शीर तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा त्राग्याने त्याने पायरीच्या कडेवर उभे राहून दुखरी टाच भाराने खाली नेण्याचा सपाटा लावला, असे सांगतात. शीर तुटली नाही, उलट बरी झाली. १९९८ मध्ये त्याने १५ धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या पायाने वर यायचे, दुखऱ्या पायाने सावकाश खाली जायचे, असा क्रम दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सगळे पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत यश इतके शंभर टक्के राहिले नाही, पण उपचाराची दिशा बदलली.

खेळाडूंच्या मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, भरधाव धावताना पाय पुढे झेपावतो त्या क्षणी ताणला जाऊन फाटतो. त्याला त्याच अवस्थेत बळकट करायला हवे. गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचे, हा नॉर्डिक व्यायाम त्यासाठीच. डेन्मार्कमध्ये ५० संघांतील ९४२ फुटबॉलपटूंवर तो पडताळून पाहिला गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. व्यायाम करणाऱ्यांत या स्नायूच्या १५ इजा झाल्या, न करणाऱ्यांत ५२. ना यंत्र लागते, ना पैसा. तरीही २०१५ मध्ये युरोपातील ५० व्यावसायिक संघांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुसंख्य संघ हा व्यायाम नीट करतच नव्हते. सुरुवातीला अंग दुखते, ही धास्ती त्यामागचे एक कारण. दोन दिवसांचे दुखणे टाळायचे आणि दोन महिन्यांची विश्रांती ओढवून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

पण ही गोष्ट केवळ खेळाडूंची नाही. कमी प्राणवायूत जास्त बळ, हे त्या दोन सायकलींचे गणित ज्यांना धाप लवकर लागते त्यांच्या फार कामाचे आहे. तैवानमध्ये ३० स्थूल वृद्ध स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाने १२ आठवडे जिने चढायचे आणि खाली यायचे लिफ्टने, दुसऱ्याने लिफ्टने वर जाऊन जिने उतरायचे. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांड्यांची ताकद आणि हाडांची घनता यांत उतरणाऱ्या स्त्रिया सरस ठरल्या.

म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा तोल सावरणारा ब्रेक लागत नाही म्हणून. तेव्हा खुर्चीत बसताना अंग टाकून देऊ नका. मनात तीन आकडे मोजत बसा. सुरुवात थोडक्याने करा, मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. गुडघ्यांचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि जिममध्ये जाणाऱ्या नातवाला एवढेच सांगा, की वजन उचललेस तेव्हा अर्धाच व्यायाम झाला. ते हळूच खाली ठेव, म्हणजे उरलेला अर्धा पदरात पडेल.