खंजीर आणि ग्रंथालय

संगणकावरील खेळ आणि इतिहास यांचा काही संबंध असू शकेल, असे आमच्या पिढीस सहसा वाटत नाही. आम्हांसही वाटत नव्हते. परंतु दिवाळीच्या सुटीत आमचा नातू ज्या खेळात तासन् तास गढून गेला होता, त्यातून सलाहुद्दीन, इंग्लंडचा राजा रिचर्ड, दमास्कस, जेरुसलेम अशी नावे कानी पडू लागली. तेव्हा हातातील वर्तमानपत्र बाजूस ठेवून आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. दोन दिवसांनी त्याने विचारले, "आजोबा, हे लोक खरेच असे होते का?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खेळाचे नाव 'असॅसिन्स क्रीड'. यूबिसॉफ्ट या कंपनीच्या माँट्रियल येथील शाखेने तो २००७ साली सिद्ध केला. त्यामागील एक प्रेरणा म्हणजे व्लादिमीर बार्तोल या स्लोव्हेनियन लेखकाची १९३८ साली प्रसिद्ध झालेली 'आलमूत' ही कादंबरी. पुढे या खेळाची मालिकाच झाली. येथे विचार करावयाचा आहे तो पहिल्या भागाचा. काळ ११९१ चा, म्हणजे तिसऱ्या धर्मयुद्धाचा. सीरियातील मस्याफ किल्ल्यावर एका गुप्त पंथाचे ठाणे आहे. त्या पंथातील अल्ताईर नावाच्या तरुणाने आपल्या गुरूच्या आज्ञेवरून नऊ जणांचा वध करावयाचा आहे.

खेळण्याची रीत मोठी मनोवेधक आहे. दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम या तीन शहरांत खेळाडू हिंडतो. प्रथम उंच मनोऱ्यावर चढून तो भोवतालचा मुलूख न्याहाळतो आणि मग तेथून थेट खाली, गवताने भरलेल्या गाडीत उडी घेतो. बाकावर बसून इतरांचे बोलणे चोरून ऐकणे, खिशातील पत्र लांबविणे, एखाद्यास गल्लीत गाठून धाक घालणे, अशा मार्गांनी बातमी जमवावी लागते. पहारेकऱ्यांची नजर चुकविण्यासाठी पांढऱ्या वस्त्रांतील विद्वानांच्या घोळक्यात मान खाली घालून चालावे लागते. निरपराध माणसास मारले, तर खेळाडूचीच शक्ती घटते. वध झाल्यावर पुरावा म्हणून एक पीस रक्तात भिजवून आणावयाचे आणि गच्च्यागच्च्यांवरून पळ काढावयाचा.

कथेची बांधणी मात्र आपल्या ओळखीची आहे. जगाच्या पडद्याआड दोन गुप्त मंडळांचा शतकानुशतके झगडा चालू आहे. गर्विष्ठ शिष्य चुकतो, त्याची पदवी काढून घेतली जाते आणि त्यास पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. अखेरीस ज्यास गुरू मानले, तोच खरा कपटी निघतो. आमच्या लहानपणीच्या रहस्यकथाही याच सामग्रीवर चालत. एक गोष्ट मात्र निराळी आढळली. वध झालेला प्रत्येक मनुष्य मरण्यापूर्वी सविस्तर बोलतो. आपण हे का केले, आपल्या दृष्टीने ते न्याय्य कसे होते, हे सांगतो. ते ऐकून मारणाऱ्याच्याच मनात शंका वाढत जाते. प्रतिपक्षाचे म्हणणे नोंदविल्यावाचून प्रकरण बंद करावयाचे नाही, हा शिरस्ता खेळ पाळतो. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या आम्हांस त्याचे विशेष वाटले.

आता इतिहासाकडे वळू. हा पंथ म्हणजे शिया मुसलमानांपैकी निझारी इस्माइली. १०९० साली हसन-ए-सब्बाह याने इराणच्या उत्तरेकडील डोंगरांतला आलमूत किल्ला ताब्यात घेतला. बलाढ्य सेल्जुक साम्राज्याशी उघड्या मैदानात लढण्याएवढे बळ या लहान पंथाकडे नव्हते. म्हणून दुर्गम किल्ले आणि निवडक व्यक्तींचा वध, ही दोन शस्त्रे त्यांनी हाती घेतली. १०९२ साली सेल्जुकांचा वजीर निझाम-उल्-मुल्क सूफी साधूच्या वेषातील एका फिदाईकडून मारला गेला. हसनच्या सुमारे ३४ वर्षांच्या कारकिर्दीतील अशा वधांची जी यादी उरली आहे, ती पन्नासाच्या आतबाहेर आहे. त्या काळच्या राजांनी एकेका शहरात केलेल्या कत्तलींशी ही संख्या ताडून पाहावी. शिवाय खेळाची सारी गंमत पळून जाण्यात आहे, तर खरा फिदाई सहसा पळत नसे. पुष्कळदा भर मशिदीत, लोकांदेखत खंजीर चालवून तो तेथेच मरणास सामोरा जाई.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. खेळात सावज निसटले, तर तो प्रसंग फिरून पहिल्यापासून खेळावा लागतो. वध साधल्याखेरीज कथा पुढे सरकतच नाही. इतिहासाचा हिशेब असा नसतो. मस्याफचा खरा प्रमुख रशीदुद्दीन सिनान याच्या माणसांनी सलाहुद्दीनवर दोनदा हल्ला केला. पहिला ११७४–७५ च्या हिवाळ्यात अलेप्पोच्या वेढ्याच्या वेळी, दुसरा ११७६ साली अझाझ येथे. दोन्ही वेळा तो वाचला. चिडून त्याने त्याच वर्षी मस्याफला वेढा घातला, पण लवकरच तो उठविला आणि पुढे उभयतांत समेट राहिला. खेळाच्या नियमाने सिनान दोनदा हरला. इतिहासाच्या नियमाने त्याचा पंथ सलाहुद्दीनच्या तडाख्यातून वाचला.

याउलट ११९२ च्या एप्रिलमध्ये टायर येथे माँटफेराचा कॉनराड मारला गेला. मारेकरी ख्रिस्ती संन्याशांच्या वेषात होते. हा वध कोणी करविला? कोणी रिचर्डकडे बोट दाखविले, कोणी सलाहुद्दीनकडे, आणि वाद आजतागायत मिटलेला नाही. खेळाने हा कॉनराड घेतलाच नाही. त्याचा पिता विल्यम यास अक्का येथे आणून मारविले. ज्या प्रकरणात सूत्रधाराचे नाव सापडत नाही, ते खेळास गैरसोयीचे. इतिहासास मात्र अशी प्रकरणे उघडीच ठेवून पुढे जावे लागते.

मग या पंथाची जी प्रतिमा जगभर पसरली, ती आली कोठून? आफू-भांगेच्या धुंदीत तरुणांना स्वर्गासारख्या उद्यानात ठेवावयाचे आणि मग त्यांच्या हाती खंजीर द्यावयाचा, ही कथा मार्को पोलोच्या वृत्तान्तामुळे युरोपात रुजली. तो इराणातून गेला, तेव्हा आलमूत पडून दीड तप उलटले होते. 'हशीशी' हे मुळात विरोधकांनी दिलेले तुच्छतादर्शक नाव. त्यातूनच युरोपीय भाषांत मारेकऱ्यास शब्द मिळाला. पंथाची स्वतःची बाजू कोठे गेली, याचे उत्तर १२५६ सालात आहे. मंगोल सरदार हुलागूने आलमूत घेतले, तेव्हा त्याच्या पदरी असलेला इतिहासकार अता मलिक जुवैनी तेथील प्रसिद्ध ग्रंथालयात शिरला. कुराणाच्या प्रती, काही ग्रंथ आणि खगोलशास्त्राची उपकरणे त्याने बाजूस काढली. पंथाच्या मतांचे उरलेले ग्रंथ त्याने जाळविले. हसनच्या चरित्राचा जो अंश आज उपलब्ध आहे, तो या जुवैनीने आपल्या इतिहासात उतरविला म्हणून. ज्याने ग्रंथ जाळले, त्याचीच साक्ष आज आधाराला घ्यावी लागते. आमच्या कचेरीच्या भाषेत बोलावयाचे, तर ही नस्ती एकतर्फी आहे.

खेळाने या पंथास खलनायकाऐवजी नायक केले, ही एक प्रकारची भरपाई म्हणता येईल. परंतु खंजीर तेवढा ठेवला. पंथाचा धर्मविचार, इमामाचे स्थान, नसीरुद्दीन तुसीसारख्या पंडिताने आलमूतच्या आश्रयाने केलेले काम, यांचा जवळजवळ मागमूस नाही. ज्या खेळात प्रत्येक शत्रूस शेवटचा शब्द मिळतो, त्या खेळातही या पंथाचा स्वतःचा शब्द ऐकू येत नाही.

तो शब्द पुन्हा ऐकू येऊ लागला, त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. निझारी इमामांच्या वंशातील पहिले आगाखान हसन अली शाह इराण सोडून आले आणि १८४८ पासून मुंबईत स्थायिक झाले. १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे खोजा समाजाचा खटला उभा राहिला, तेव्हा आलमूतपासूनचा इतिहास भर न्यायालयात सांगितला गेला आणि निकाल आगाखानांच्या बाजूने लागला. पुढे व्लादिमीर इवानोव या रशियन विद्वानाने मुंबईत राहून या पंथाचे घरोघरी जपलेले हस्तलिखित ग्रंथ धुंडाळले. १९४६ साली तेथे इस्माइली सोसायटी स्थापन झाली आणि ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागले. जुवैनीच्या आगीतून जे वाचले, ते कुटुंबांनी पेट्यांत सांभाळले म्हणून वाचले. घरापासून दूर येऊन वसलेल्या आणि जुन्या पोथ्या, कागद सांभाळणाऱ्या आपणासारख्या घराण्यांस याचे मोल वेगळे सांगावयास नको.

नातवाच्या खेळाचा आम्हांस आता राग येत नाही. त्या शहरांचे रस्ते, घुमट, बाजार त्याने ज्या आवडीने पाहिले, तसे आम्ही नकाशातही पाहिले नव्हते. पुढे पुण्यास जाणे झाले, तेव्हा त्यास आगाखान महाल दाखविला. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांचे देहावसान तेथे झाले, हे त्यास पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक होते. तो वाडा १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी बांधला आणि १९६९ साली चौथ्या आगाखानांनी तो देशाच्या स्वाधीन केला, हे आम्ही सांगितले. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "म्हणजे हे त्याच आलमूतवाल्यांचे?" आम्ही होय म्हणालो. तो पुन्हा एकदा मागे वळून सज्जाकडे पाहू लागला. चढण्याजोगी जागा तो शोधत होता की आणखी काही, हे आम्ही विचारले नाही.