तबकडीचा हिशेब

श्रोतेहो, लाँगप्ले तबकडीत गाणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा नसतो. खर्ज पूर्ण जोराने कोरला तर शेजारच्या रेघा एकमेकींत घुसतील, म्हणून तो दाबून कोरतात. बारीक सूर उचलून कोरतात, म्हणजे वाजविताना ते उतरविले की खरखरही उतरते. ही उलटापालट सरळ करणे हे पूर्ववर्धकाचे काम.

परंतु दाबायचे किती आणि उचलायचे किती? दर कंपनीचा हिशेब निराळा होता. मुंबईच्या गिरण्यांतही दर गिरणीचा दर निराळा असे. १९२८ च्या संपात प्रमाणित दराचा प्रश्न ऐरणीवर होता. अमेरिकेतील तबकडी कंपन्यांच्या संघाने १९५४ साली एकच हिशेब ठरविला, तो पुढे जगभर रूढ झाला. मालकांचे एकमत चटकन होते, हे आम्ही जाता जाता नोंदवितो!

जुन्या रेडिओच्या ग्रामोफोन-खाचेत स्फटिकाचे पिकअप थेट चाले, कारण ते अर्ध्या व्होल्टाच्या आसपास देई. चुंबकी कार्ट्रिज चारपाच मिलिव्होल्टच देते आणि त्यास ४७ किलोओहमचा भार लागतो. त्याच खाचेत ते लावले तर आवाज क्षीण आणि खर्जहीन.

आमच्या संभाजीनगरात कोणाकडे बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील, त्यांनी ऐकावे. त्या काळी बारीक सूर असे उचललेले नसत. आजचा पूर्ववर्धक मात्र दहा हजार कंपनांपाशी जवळजवळ १४ डेसिबल उतरवितो. आवाज घोगरा होतो, आणि ऐकणारा म्हणतो, गंधर्वांचा गळा एवढाच होता काय? अशा तबकड्यांना हिशेब बदलण्याची कळ असलेला पूर्ववर्धक हवा, आणि सुईही जाड हवी.