जुनी चकमकीची बंदूक कशी वाचावी?

१/ संग्रहालयात काचेमागे ठेवलेली जुनी बंदूक आपण क्षणभर पाहतो आणि पुढे सरकतो. वस्तुतः तिची नळी, तिचा घोडा, दस्ता आणि त्यांवरील गंजही इतिहासाचे साधन आहे. उदाहरणादाखल ईस्ट इंडिया कंपनीची ‘इंडिया पॅटर्न’ मस्केट घेऊ.

२/ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीने आपल्या पलटणींसाठी हा नमुना ठरविला. नळी ३९ इंच, म्हणजे तत्कालीन ब्रिटिश पायदळाच्या बंदुकीहून ३ इंचांनी आखूड. नळीचा आतील व्यास पाऊण इंच. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले आणि बंदुका अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा ब्रिटिश सरकारने कंपनीचा साठा विकत घेतला व पुढे हाच नमुना स्वीकारला.

३/ तोड्याच्या बंदुकीला सतत जळती बत्ती लागे. येथे घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड आवळलेला असतो. चाप ओढताच तो पोलादी झाकणावर घासत आदळतो. झाकण उघडते, ठिणग्या खालच्या पेल्यातील दारूवर पडतात (हिलाच रंजक म्हणत) आणि ज्वाला ‘काना’तून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आतील दारूपर्यंत पोहोचते. पेल्यातील दारू भिजली की बार उडत नसे. म्हणून पाऊस हा या बंदुकीचा मोठा शत्रू.

४/ आता स्थिती पाहू. जळलेल्या दारूचे क्षार ओलावा धरून ठेवतात व लोखंड खातात. कानाभोवती खोल खड्डे, रुंदावलेले छिद्र आणि झाकणावर उभे ओरखडे दिसले, तर बंदूक पुष्कळदा झाडली गेली असे समजावे. साऱ्या नळीवर सारखाच पातळ गंज असेल, तर तो बहुधा दमट जागेत पडून राहिल्याचा परिणाम होय.

५/ घोड्यामागील लोखंडी पट्टीवर खुणा शोधा. चार भागांत विभागलेले हृदय ही कंपनीची जुनी खूण. १८०८ च्या सुमारास तिच्या जागी मागील पायांवर उभा सिंह आला. एवढ्यावरूनही काळ ठरविण्यास मदत होते. मात्र ही पट्टी म्हणजे संपूर्ण बंदूक नव्हे. अफगाण जेझैल बंदुकांवरही कंपनीची अशी यंत्रे बसविलेली आढळतात आणि स्थानिक नकलांत इंग्रजी अक्षरे कित्येकदा वेडीवाकडी वा निरर्थक असतात.

६/ १८४० च्या आसपास टोपीदार बंदुका रूढ झाल्या. अनेक जुन्या बंदुकांचा पेला काढून त्यांना टोपीची सोय केली गेली. पुढे संग्राहकांकडून अधिक किंमत मिळावी म्हणून काहींवर पुन्हा चकमकीचे यंत्र चढविले गेले. बुजविलेली स्क्रूची भोके आणि कानाजवळील नवे जोडकाम हा बदल उघड करतात.

७/ हे बारकावे महाराष्ट्राच्या इतिहासासाठी महत्त्वाचे का? २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर चकमकीच्या बंदुका दोन्ही बाजूंना होत्या. महादजी शिंद्यांनी द बॉईनकरवी कवायती पलटणी उभारल्या होत्या आणि आग्र्यास त्यांच्यासाठी तोफा व बंदुका तयार होत. ‘इंग्रजांकडे बंदूक, मराठ्यांकडे फक्त तलवार’ हे चित्र खोटे आहे. तेव्हा आपल्याकडे मिळालेली प्रत्येक चकमकीची बंदूक कंपनीचीच, असे गृहीत धरता येत नाही. ती कोणाची, याचे उत्तर तिच्यावरील खुणांतच शोधावे लागते.

८/ आणि नेमक्या याच खुणा आपण आपल्या हातांनी पुसतो. जुन्या वाड्यातील बंदूक पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली जाते, दस्त्याला नवे व्हार्निश लागते. वस्तू देखणी होते आणि पुरावा नाहीसा होतो. एकदा घासून गेलेले अक्षर परत येत नाही.

९/ अशी बंदूक कोठे दिसली, तर प्रथम ती भरलेली आहे असेच समजा. शतकापूर्वीचा बार आजही नळीत असू शकतो. चाप ओढू नका, घासू नका. आहे त्या स्थितीत प्रत्येक खुणेचे स्पष्ट छायाचित्र घ्या आणि पुढील काम शस्त्रांच्या जाणकारावर व संग्रहालयातील संवर्धकावर सोपवा.