बंदी आणि खुलेपणा: मध्य मालुकूतील सासी प्रथेचा इतिहास

इंडोनेशियाच्या पूर्वेकडील मालुकू द्वीपसमूहात, सेराम या डोंगराळ बेटाच्या दक्षिणेस अंबोन, हारुकू, सापारुआ आणि नुसालाउत ही छोटी बेटे आहेत, आणि त्यांच्या किनाऱ्यांवरील गावांत मासेमारी व शेती हे दोन वेगळ्या जातींचे किंवा वर्गांचे व्यवसाय म्हणून वाढले नाहीत. उलांडीच्या होडीतून पहाटे समुद्रावर जाणारे घरच दिवसा डोंगरउतारावरील ‘दुसुंग’मध्ये, म्हणजे नारळ, लवंग, जायफळ आणि फळझाडे एकत्र वाढवलेल्या मिश्र बागेत राबत असे, आणि ओहोटीला प्रवाळखडक उघडे पडले की त्याच घरातील बायका-मुले शंख-शिंपले वेचायला उतरत. गावाला तेथे ‘नेगेरी’ म्हणतात. नेगेरीची हद्द डोंगरमाथ्यापासून खाली येऊन किनाऱ्यावर थांबत नाही, तर प्रवाळखडकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाते. जमीन आणि पाणी यांचा मिळून बनलेला हा प्रदेश ‘पेतुआनान’ या नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या दोन्ही भागांवर एकच अधिकार चालतो हे ध्यानात घेतल्याशिवाय येथील कोणत्याच प्रथेचा उलगडा होत नाही.

या भागाचे मुख्य अन्न म्हणजे सागू ताडाच्या खोडातील गर धुऊन काढलेले पीठ. महाराष्ट्रात उपासाला खाल्ला जाणारा साबुदाणा आज कसावाच्या कंदापासून होत असला, तरी तो मुळात याच ताडाच्या पिठाचा असे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने 1869 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात असा हिशेब मांडला, की दहा दिवसांच्या श्रमात एका माणसाच्या वर्षभराच्या अन्नाची सोय होते, आणि त्यावरून त्याने येथील लोकांच्या आळसाविषयी कठोर निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष अन्यायाचा होता. सागूने वाचवलेला वेळ समुद्र, बागा आणि बहुतेक काळ परकीय सत्तेची वेठ यांत कसा खर्च होत असे, याचा त्या हिशेबात समावेशच नव्हता.

जमीन आणि समुद्र यांना एकाच नियमात बांधणारी प्रथा म्हणजे ‘सासी’. ठरावीक फळ, मासा किंवा शिंपला ठरावीक काळापर्यंत कोणीही काढू नये, अगदी मालकानेही नाही, अशी गावाने जाहीर केलेली बंदी, आणि मुदत संपल्यावर सर्वांसाठी एकाच दिवशी केलेली मोकळीक, असे तिचे दोन भाग आहेत. नारळ कोवळेपणी उतरवले जाऊ नयेत, लवंगेच्या कळ्या तयार होण्याआधी खुडल्या जाऊ नयेत, चोरीला वाव राहू नये आणि हद्दींवरून भांडणे पेटू नयेत, हे तिचे व्यावहारिक हेतू होते. बंदीच्या जागी नारळाच्या झावळ्या बांधलेला खांब उभारला जाई. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या रक्षकांना ‘केवांग’ म्हणतात. जमिनीचा आणि समुद्राचा असे दोन प्रमुख त्यांच्यात असतात, आणि त्या सर्वांच्या वर गावचा राजा व ‘सानिरी’ ही कुळप्रमुखांची सभा असते.

हारुकू गावातील लोम्पा माशाची सासी हे या प्रथेचे सर्वांत परिचित उदाहरण होय. लोम्पा हा मांदेलीच्या कुळातील लहान मासा असून त्याचे थवे दिवसा लेआरिसा कायेली नदीच्या मुखातून आत शिरून राहतात आणि रात्री चरण्यासाठी समुद्रात परततात, त्यामुळे वाढीच्या काळात नदीचे मुख राखले की सारा थवा राखला जातो. मासे आत येऊ लागले की केवांग बंदी जाहीर करतात आणि रात्री वाळक्या झावळ्या पेटवून तिचा विधी करतात. त्यानंतर मासा पूर्ण वाढेपर्यंत जाळे टाकणे तर राहोच, नदीत कचरा टाकणेही गुन्हा ठरतो, आणि बारीक आसाच्या जाळ्यांना लगतच्या समुद्रपट्ट्यातही मनाई असते. नियम मोडणाऱ्या प्रौढाला दंड होतो. लहान मुलाला वेताचे पाच फटके मिळतात, कारण गावात पाच ‘सोआ’ म्हणजे कुळसमूह आहेत आणि त्या सर्वांचा भार मुलाने जाणावा अशी अपेक्षा असते. मोकळीक होते त्या दिवशी पहाटे ढोल वाजतो, भरतीबरोबर आत आलेले मासे नदीच्या मुखाशी अडवले जातात आणि ओहोटी लागताच सारे गाव पाण्यात उतरते. याच गावात सासीचे नियम रविवारच्या शांततेपर्यंत आणि सार्वजनिक ठिकाणच्या पेहरावापर्यंत पोचलेले आहेत, यावरून ती केवळ मासे वाचवण्याची युक्ती नव्हती, तर गावातील सुव्यवस्थेची एक समग्र कल्पना होती, असे म्हणावे लागते.

या प्रथेचे आजचे रूप मात्र अनादि काळापासून जसेच्या तसे चालत आलेले नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1605 मध्ये पोर्तुगीजांकडून अंबोनचा किल्ला घेतला आणि पुढील अर्धशतकात लवंगेची लागवड अंबोन व शेजारच्या तीन बेटांपुरती कोंडली. इतरत्र वाढणारी झाडे तोडण्यासाठी ‘होंगी’ नावाच्या मोहिमा निघत, आणि ‘कोरा-कोरा’ या लांब वल्हीनौकांवर वल्हेकरी पुरवण्याची सक्ती याच गावांवर असे, म्हणजे शेजाऱ्यांच्या बागा उद्ध्वस्त करायला येथील कोळ्यांना स्वतःची जाळी आणि बागा आठवडेच्या आठवडे सोडून जावे लागे. सेरामच्या होआमोआल द्वीपकल्पातील लवंगबागा 1650 च्या दशकातील युद्धात नष्ट करण्यात आल्या. सुरतेच्या बाजारात डचांनी विकलेल्या लवंगेमागे ही वेठ होती. मक्तेदारीच्या या काळात राजा आणि सानिरी यांचे अधिकार कंपनीच्या मर्जीशी जोडले गेले. फळ पिकेपर्यंत हात लावू नये हा जुना नियम कंपनीलाही सोयीचाच होता, कारण तिला चांगल्या कळ्या हव्या होत्या.

लवंगेची सक्ती 1860 च्या दशकात उठली. नारळ, आणि गुंड्या बनवण्यासाठी परदेशी मागणी असलेला ‘लोला’ हा शंकूच्या आकाराचा मोतीकवची शंख, यांना बाजारभाव आला, तशी मोकळीक झाल्यावर माल काढण्याचा हक्क व्यापाऱ्याला लिलावाने देण्याची पद्धत अनेक गावांत पडली. ख्रिस्ती गावांत चर्चच्या प्रार्थनेने आणि मुस्लिम गावांत मशिदीच्या अधिकाराने बंदी घालण्याचे प्रकारही रुजले. पूर्वजांच्या कोपाची भीती ओसरल्यावर बंदीला धर्मसंस्थेचे पाठबळ मिळाले, हा बदल फारसा चर्चिला जात नाही, पण प्रथेला तगवून धरण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

सुहार्तो यांच्या राजवटीतील 1979 च्या ग्रामकायद्याने जावातील नमुन्यावर साऱ्या देशात एकसारखी ग्रामव्यवस्था लादली, आणि राजा, सानिरी व केवांग यांचे कायदेशीर स्थान पुसले गेले. पण त्याच राजवटीने 1985 मध्ये हारुकूच्या केवांगांना ‘कल्पतरू’ हा पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार दिला. या काळापासून सासीचे वर्णन ‘प्राचीन निसर्गसंरक्षण’ असे होऊ लागले, आणि अभ्यासक चार्ल्स झर्नर यांनी 1994 मध्ये दाखवून दिले, की विधी, व्यापार आणि मालकी यांनी घडवलेल्या प्रथेवर हा हिरवा अर्थ नंतर चढवला गेला. हा आक्षेप योग्य आहे, तरीही त्यामुळे प्रथा बनावट ठरत नाही. सुरुंग आणि सायनाइडने मासे मारणाऱ्यांना अडवण्यासाठी गावांना जे शस्त्र हाताशी सापडले, ते वापरण्यात त्यांचे काही चुकले नाही.

1999 मध्ये उसळलेल्या धार्मिक हिंसाचाराने अनेक नेगेरी विस्थापित झाल्या आणि 2002 च्या मालिनो शांतता करारापर्यंत बेटांमधली ये-जा तुटली. याच सुमारास आलेल्या विकेंद्रीकरणाने आणि पुढे 2014 च्या ग्रामकायद्याने परंपरागत गावांना पुन्हा मान्यतेची वाट मोकळी केली, पण राजपदाचे वारस कोण, पेतुआनानच्या सीमा कोठे, आणि लोला विकून आलेला पैसा गावाच्या तिजोरीत जावा की तो काढणाऱ्या घरांत, हे वाद त्या कायद्याने मिटवले नाहीत, आणि सासी पुढे कोणाच्या हाती राहील हे बहुतेक गावांत याच वादांच्या निकालावर अवलंबून आहे.