एक्सल मोडतो तेव्हा

सौदी अरेबियात थंडी सुरू झाली की शुक्रवारी सकाळी शहराबाहेरच्या रस्त्यांवर जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या दिसू लागतात. डांबर संपतं तिथे सगळे थांबतात आणि टायरमधली हवा सोडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपल्याकडे लोक पंपावर हवा भरायला रांग लावतात, इथे सोडायला थांबतात!

माझ्या एका मित्राने वीस-बावीस वर्षं जुनी गाडी घेतली आणि हौसेने ३१ इंची टायर काढून ३५ इंची बसवले. गाडी रुबाबदार दिसू लागली. तिसऱ्या फेरीला एका टेकाडावर चढताना मागून 'कट्' असा आवाज आला. मागचा हाफ-शाफ्ट तुटला होता. डांबरी रस्ता चाळीस किलोमीटर मागे, मोबाइलला रेंज नाही आणि पाणी मोजकं. तुटलेला तुकडा बाहेर काढला, हबच्या भोकात वाळू जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि पुढच्या दोन चाकांच्या जोरावर रांगत रांगत परत आलो. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "जाड शाफ्ट टाका, विषय संपला." पण विषय खरंच संपतो का? या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे.

मे १९३३ मध्ये सौदी राजाने अमेरिकन कंपनीशी तेलाचा करार केला आणि सप्टेंबरमध्ये पहिले भूवैज्ञानिक जुबैलच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या मोटारी वाळूत रुतायच्या. त्यावर उपाय निघाला तो रुंद आणि कमी हवेच्या टायरचा. तिकडे इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश अधिकारी १९२९ पासून साध्या फोर्ड गाड्यांवर हेच शिकत होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने उभारलेल्या वाळवंटी तुकडीचा किस्सा तर फारच बोलका आहे. त्यांना मध्यंतरी फोर-व्हील ड्राइव्हचे फोर्ड ट्रक मिळाले होते. ते जड होते आणि पेट्रोल पीत होते. १९४२ मध्ये त्यांच्या जागी पुन्हा टू-व्हील ड्राइव्हचे शेव्हरोले आले! कारण साधं आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूवरचा दाब कमी होतो आणि गाडी पुढे ढकलायला मुळात जोरच कमी लागतो. जोर कमी म्हणजे शाफ्टवरचा पीळही कमी.

आता जीपकडे वळू. महायुद्धातली विलिस जीप पहिल्या गिअरमध्ये आणि लो रेंजमध्ये इंजिनाचा पीळ सुमारे २६ पट वाढवून चाकांना द्यायची. १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी नागरी जीप आली. इंजिन जवळपास तेच, पण गिअर बदलून हा आकडा ३७ च्या आसपास नेला. म्हणजे तब्बल ४० टक्के वाढ. नुसते गिअर बदलून कंपनी थांबली नाही. युद्धातला नाजूक गिअरबॉक्स काढून जास्त दणकट गिअरबॉक्स बसवला. जुन्या फोर-व्हील ड्राइव्हची ताकद वाढवण्याचा हा बहुधा पहिला धडा: एक कडी बदलली की शेजारची कडी तपासावी लागते. याच घराण्यातली जीप पुढे महिंद्राने मुंबईत बनवली, आणि आपल्याकडे ती गावोगावी पोचली.

युद्धातल्या जीपमध्ये आणखी एक शहाणपण होतं. तिचा मागचा एक्सल 'फुल-फ्लोटिंग' होता. गाडीचं वजन बाहेरच्या नळीवर असतं, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवरच राहतं. आम्ही त्या दिवशी घरी आलो ते याच रचनेमुळे. सेमी-फ्लोटिंग असता तर चाकच निखळलं असतं.

१९४८ मध्ये ब्रिटिश लँड रोव्हर आली. तिच्या सिरीज मॉडेलचे मागचे हाफ-शाफ्ट मोडण्यासाठी प्रसिद्ध होते. चालक जादा शाफ्ट बरोबर ठेवत आणि रस्त्यातच बदलत. मोडण्याची जागा ठरलेली, दुरुस्ती सोपी - घरातल्या फ्यूजसारखं. टोयोटाची लँड क्रूझर सौदीत आली १९५५ मध्ये, अब्दुल लतीफ जमील यांच्या एजन्सीमार्फत. १९६० मध्ये निघालेल्या ४० सिरीजच्या सुरुवातीच्या गाड्यांत ३.९ लिटरचं संथ सहा सिलिंडर इंजिन होतं. त्याच्या मानाने एक्सल चांगले जाड होते. ती सहसा मोडतच नसे. जिथे पुढचं गॅरेज दोनशे किलोमीटरवर, तिथे 'सोपी दुरुस्ती'पेक्षा 'न मोडणं' लोकांना जास्त पटलं, यात नवल नाही.

पण टोयोटाकडे जादूचं लोखंड नव्हतं. तिच्याकडे शिल्लक ताकद होती. आणि आपण हौशी लोक नेमकी तीच खर्चून टाकतो. हिशेब पाहा. ३१ चे ३५ इंची टायर केले की त्याच चढाला शाफ्टवर १३ टक्के जास्त पीळ येतो. गाडी मंद झाली म्हणून डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१० वरून ४.८८ केलं, तर चाकाकडे जाऊ शकणारा पीळ आणखी १९ टक्के वाढतो, शिवाय पिनियन लहान झाल्याने तो नाजूक होतो. वर लॉकर बसवला की एका चाकाची पकड सुटल्यावर सगळा भार एकाच शाफ्टवर येऊ शकतो.

यावर जाड शाफ्ट हा उपाय खराच आहे. व्यास १० टक्के वाढला तर पीळ सहन करण्याची ताकद ३३ टक्के वाढते, कारण ती व्यासाच्या घनात वाढते. पण मग क्राऊन-पिनियनचे दात जातात. शाफ्ट तासाभरात बदलता येतो. क्राऊन-पिनियन वाळूत बसून बदलणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही.

२०२० मध्ये डकार रॅली पहिल्यांदा सौदीत आली. जेद्दाहून सुटलेली ती शर्यत कार्लोस साइन्झने जिंकली ती टू-व्हील ड्राइव्हच्या बग्गीत. त्या बग्ग्यांना चालत्या गाडीत टायरची हवा कमी-जास्त करायची मुभा होती. म्हणजे सुमारे नव्वद वर्षांनी पुन्हा हवाच!

मित्राला मी एवढंच म्हटलं, "शाफ्ट चांगल्या पोलादाचा घे, पण मूळ जाडीचाच. एक जादा गाडीत ठेव. आणि टायर ३३ च्या वर नको." काय मजबूत करायचं हे ठरवण्याआधी काय मोडलेलं आपल्याला परवडेल हे ठरवावं. सह्याद्रीच्या चिखलात जुनी जीप घालणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. फरक इतकाच, की तिकडे शाफ्ट तुटला तर पुढच्या वळणावर कुणीतरी चहा विचारतं.

मित्राने शाफ्ट घेतला. टायर मात्र अजून ३५ चेच आहेत. असो.